बावीस गुण गेले कुठे?

दहावीचा निकाल लागला की पहिले काही दिवस माझ्या घरी पेढे यायचे आणि त्यानंतर उत्तरपत्रिका. पेढे आणणाऱ्यांना घाई असायची. दारातूनच पुडा हातात देऊन ते पुढच्या घरी जायचे. उत्तरपत्रिका आणणारे मात्र चपला काढून आत यायचे, सोफ्याच्या कडेवर बसायचे आणि पाण्याच्या पेल्याला हात लावायच्या आधी विचारायचे, "मॅडम, वाढतील ना?"

मी पंचवटीतल्या एका शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवलं. नोकरीतला बराचसा काळ दहावीचे पेपर तपासले आणि शेवटची काही वर्षं नियामक म्हणून काम केलं. नियामक म्हणजे परीक्षकांनी तपासलेल्या गठ्ठ्यांतले काही पेपर काढून पुन्हा बघणारा माणूस. आता निवृत्त झाले आहे. इतकी वर्षं वर्गात शिकवलं, पण लोकांना मी लक्षात आहे ती निकालानंतरच्या त्या पंधरवड्यासाठी. 'त्या मॅडमना दाखवा, त्या सांगतील टाकायचं की नाही,' असं एकमेकांना सांगून लोक यायचे. 'टाकायचं' म्हणजे रीचेकिंगला टाकायचं.

हे रीचेकिंग प्रकरण बाहेरच्यांना एकच वाटतं. तसं ते नाही. गुणपडताळणी म्हणजे फक्त बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघणं. तिथे कोणी तुमच्या उत्तराची पुन्हा पारख करत नाही. पुनर्मूल्यांकन म्हणजे अख्खा पेपर दुसऱ्या माणसाकडून पहिल्यापासून तपासून घेणं. त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, ती विषयशिक्षकाला दाखवायची, आणि त्याचा अभिप्राय जोडून अर्ज करायचा. तो अभिप्राय देणारी ती मी.

आणि पालकांना सगळ्यात अवघड जायचं ते एवढंच समजून घेणं, की पुन्हा तपासला तर पेपर खालीही जाऊ शकतो. नवा माणूस पहिल्याच्या चुका दुरुस्त करेल, तशी त्याची माया पण काढून घेईल. परीक्षक माणूसच असतो. एप्रिलच्या उकाड्यात गठ्ठा उपसताना एखाद्या मुलाचं सुरुवातीचं उत्तर आवडलं तर तो पुढच्या अर्धवट उत्तरालाही अर्धा गुण सोडून देतो. आपल्या पेपरात ही माया कुठे कुठे मिळाली आहे हे पालकांना दिसत नाही. त्यांना फक्त लाल रेघा दिसतात.

घोटीचा एक तांदळाचा व्यापारी मुलाचा मराठीचा पेपर घेऊन आला होता. मी त्याला हे सगळं समजावत होते. त्यानं मधेच हात वर केला. म्हणाला, "म्हंजे फेरवजन केल्यावर पोतं कमीबी भरू शकतं."

"हो, तसंच."

"आन् मग पयलं वजन धरता येत नाय?"

"नाही. दुसरं तेच खरं."

"मग ऱ्हाऊ द्या, मॅडम. लय झालंय ते." आणि चहा घेऊन तो गेला. इतक्या लवकर मुद्दा समजलेला दुसरा पालक मला आठवत नाही.

उलट कॉलेज रोडच्या एका आई होत्या. मुलाला सत्त्याण्णव होते आणि त्यांना ते अठ्ठ्याण्णव करून हवे होते, कारण मुलाच्या मावसभावाला अठ्ठ्याण्णव होते. मी टाकू नका म्हटलं. त्यांनी दुसरीकडून अभिप्राय घेतला. पुढे गुण एकानं घटले असं कानावर आलं. त्या मला एकदा बाजारात दिसल्या, पण मेथीच्या जुड्या बघण्यात इतक्या गुंग होत्या, की आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

अशा हकिगती सांगाव्या तेवढ्या आहेत. पण ज्या एका वेळी मला अभिप्राय लिहिणं खरोखर जड गेलं, ती हकिगत माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली. तीच सांगायची आहे.

मुक्ता माझ्याच वर्गातली मुलगी. पंचवटीतल्या एका गुरुजींच्या घरातली. घरी पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंची पूजाअर्चा, श्राद्धकर्म चालत आलेलं. तिचे वडील मात्र सातपूरला एका कारखान्यात हिशेब बघायचे आणि आई बँकेत होती. त्यामुळे पोरीचा अभ्यास आजोबांकडे आला. आजोबांना सगळी पंचवटी वामनगुरुजी म्हणायची. उंच, सडसडीत, स्वच्छ धोतर. दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झालेले. माणूस समोर उभा आहे एवढं त्यांना दिसायचं, अक्षर दिसायचं नाही. पण सगळं पाठ असल्यामुळे पूजा सांगताना त्यांचं काही अडायचं नाही.

आठवीपासून त्यांनी मुक्ताला रोज संध्याकाळी संस्कृत शिकवलं. पुस्तक तिच्या हातात, अर्थ यांच्या तोंडून. एकदा ते शाळेत मला भेटायला आले होते. तक्रार अशी, की मी वर्गात मुलांना डायजेस्ट वापरायला मनाई का करत नाही.

"बाई, दुसऱ्यानं चावलेलं अन्न आहे ते," ते म्हणाले. "मुलीनं स्वतः अन्वय लावावा. स्वतः वाक्य रचावं."

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही शिकवता ते सोनं आहे. पण पेपरला वेळ तीन तासच असतो."

"सोन्याला वेळ लागतोच," एवढं बोलून ते उठले.

मुक्ताला संस्कृत खरंच येत होतं. वर्गात ती एकटीच अशी होती, जी चुकली तर का चुकली हे स्वतः सांगायची. पण ती सावकाश होती. सहामाहीला तिचा पेपर पुरा झाला नव्हता, पूर्वपरीक्षेला जेमतेम झाला. मी तिला घड्याळ लावून लिहायचा सराव करायला सांगितलं होतं. ती 'हो मॅडम' म्हणायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दहावीचं संस्कृत म्हणजे गुण मिळवण्याचा विषय. ज्यांना पुढे आयुष्यात संस्कृतचं तोंड बघायचं नाही अशी मुलंसुद्धा टक्केवारी वाढवायला तो घेतात आणि पंच्याण्णवच्या पुढे गुण मिळवतात. त्या वर्षीही आमच्या शाळेत तसंच झालं. आणि मुक्ताला पडले अठ्ठ्याहत्तर. शाळेच्या हातातले वीसपैकी वीस, आणि लेखीचे ऐंशीपैकी अठ्ठावन्न.

दुसऱ्या कोणाला अठ्ठ्याहत्तर पडले असते तर कोणी विचारलं नसतं. पण गुरुजींच्या नातीला संस्कृतात अठ्ठ्याहत्तर, आणि समोरच्या घरातल्या पोराला, ज्याला आत्मनेपद म्हणजे काय हे परीक्षा संपल्यावर सांगता आलं नसतं, त्याला अठ्ठ्याण्णव. गल्लीत चर्चा झाली. पूजेला आलेल्या एका यजमानानं गुरुजींना तोंडावर विचारलंसुद्धा, असं मला नंतर कळलं.

छायाप्रत आली त्या आठवड्यात गुरुजी रिक्षा करून पंचवटीहून माझ्या इंदिरानगरच्या घरी आले. बरोबर मुक्ता. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये उत्तरपत्रिकेची प्रिंट. पावसाळी हवा होती, पण पाऊस नव्हता. गुरुजी घामानं डबडबले होते. पंख्याखाली बसले, उपरण्यानं मान पुसली आणि सरळ मुद्द्यावर आले.

"बाई, मी सगळी उत्तरपत्रिका ऐकलेली आहे. मुक्तानं मला दोनदा वाचून दाखवली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. त्यात चूक नाही. एकही नाही. मग बावीस गुण गेले कुठे?"

मी मुक्ताकडे बघितलं. ती फोल्डरचं बटण उघडत होती, बंद करत होती.

"बघू," मी म्हटलं.

"तुम्ही मोठ्यानं वाचा," गुरुजी म्हणाले. "माझ्यासमोर. आणि जिथे त्यानं गुण कापलेत तिथे थांबा. मी सांगतो बरोबर काय ते."

मी चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. पहिला प्रश्न चांगला होता. दुसऱ्यात अन्वयाच्या प्रश्नाला तिनं पाऊण पान घेतलं होतं. श्लोकातल्या क्रियापदापासून सुरुवात करून, कोण, कोणाला, कशानं, असे प्रश्न विचारत एकेक शब्द जागेवर बसवलेला. जुन्या पाठशाळेची पद्धत. सुंदर काम. गुण दोनच, दोनपैकी दोन मिळालेले. मी पान उलटलं. तिसऱ्या प्रश्नातलं एक उत्तर अर्ध्यावर सोडलेलं. समासांचा तक्ता निम्मा कोरा. चित्रवर्णन विचारलं होतं, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक आणि त्याखाली दोन वाक्यं. पाठ केलेला श्लोक लिहायचा होता, तिथे पहिलाच चरण. पुढची दोन पानं रिकामी, त्यावर आडवी रेघ.

"वाचा ना," गुरुजी म्हणाले.

मुक्तानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मुलांच्या नजरा मी खूप पाहिल्या आहेत. कॉपी पकडल्यावरची वेगळी असते, उत्तर न आल्यावरची वेगळी. ही त्यातली नव्हती. ती मला काहीतरी मागत होती.

"गुरुजी," मी म्हटलं, "पेपर तपासताना मला मनातच वाचायची सवय आहे. मोठ्यानं वाचलं की माझं लक्ष उच्चाराकडे जातं. मला एकदा पूर्ण बघू द्या." हे खोटं नव्हतं. "तोवर चहा टाकते. मुक्ता, जरा ये गं आत. साखर किती ते तू सांग."

स्वयंपाकघरात मी गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, आणि हळू आवाजात विचारलं, "तू त्यांना काय वाचून दाखवलंस?"

तिनं साखरेचा डबा पुढे ओढला. मग म्हणाली, "जे लिहायचं होतं ते."

"म्हणजे कोऱ्या जागेत पण?"

"हो. चित्रवर्णन पूर्ण सांगितलं. श्लोक सांगितला. समास सगळे सोडवले. मॅडम, मला सगळं येत होतं हो. वेळच पुरला नाही."

"मग तसं सांगायचं ना त्यांना."

"कसं सांगू? ते विचारणार, वेळ का नाही पुरला. मग कळणार की अन्वयात वीस मिनिटं गेली. चित्राची वाक्यं मनात रचत बसले आणि ती नीट जमेनात म्हणून खोडत राहिले. सगळं त्यांनी शिकवलं तसंच करत होते मी." तिचा आवाज बारीक झाला. "त्यांना वाटेल त्यांच्यामुळे माझे मार्क गेले. ते आधीच दोन दिवस नीट जेवले नव्हते."

"आणि आता त्यांना वाटतंय परीक्षकानं अन्याय केला."

"मला वाटलं, ऐकून त्यांचं समाधान होईल. ते रीचेकिंगला टाकू म्हणतील असं नव्हतं वाटलं." चहाला उकळी येत होती. "मॅडम, तुम्ही फक्त नको म्हणा ना. कारण नका सांगू."

मी तिला काहीच कबूल केलं नाही. चहा गाळला, पेपर पुन्हा हातात घेतला आणि तिथेच ओट्याशी उभी राहून शेवटपर्यंत पाहिला. कारण काही झालं तरी ती माझी जबाबदारी होती. परीक्षक दयाळू होता. त्या अर्ध्या सोडलेल्या उत्तरालाही त्यानं बरे गुण दिले होते, समासांतही एका ठिकाणी सोडून दिलं होतं. पुनर्मूल्यांकनाला पाठवला असता तर हे गुण टिकले असतेच असं नाही. पण पुरवणीच्या अगदी शेवटच्या पानावर, कच्च्या कामाच्या खाली, आणखी एक उत्तर होतं. चार गुणांचं. मराठीतून लिहायचं उत्तर, घाईघाईत, पण बरोबर. डायजेस्टमधलं वाटत होतं. त्याच्या शेजारी ना टिक, ना फुली, ना गुण. दोन कोरी पानं बघून परीक्षकानं पेपर संपला असं समजून मिटला होता. असं होतं. व्हायला नको, पण होतं.

म्हणजे माझा अभिप्राय तयार होता. पुनर्मूल्यांकन नको. गुणपडताळणी करावी. तिची मुदत शिल्लक होती, आणि तिच्यात धोका काहीच नव्हता. अडचण एवढीच, की हे गुरुजींना कारणाशिवाय पटणार नव्हतं.

बाहेर येऊन मी तसंच सांगितलं. एका उत्तराचे गुण द्यायचे राहून गेलेत, तेवढे पडताळणीत मिळतील. बाकीचा पेपर पुन्हा तपासायला देऊ नये.

गुरुजींनी कप खाली ठेवला. "बाकीच्या अठरा गुणांचं काय?"

"बाकीचं तपासणं योग्य आहे."

"योग्य आहे? मी माझ्या कानांनी ऐकलंय, बाई. त्या चित्राच्या वर्णनात एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही. त्याला किती दिलेत?"

"एक."

"पाचपैकी एक! आणि तुम्ही म्हणता योग्य आहे?"

मी पेपर मिटून फोल्डरवर ठेवला.

"कळलं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "तुम्ही त्यांच्यातल्याच. परीक्षकानं परीक्षकाला सांभाळून घ्यायचं, ही रीत असेल तुमची. माझी चूक झाली. इतकी वर्षं मुलगी तुमच्या हाताखाली होती म्हणून विश्वासानं आलो. चल मुक्ता, दुसरं कोणीतरी बघू. नाशकात संस्कृत येणारा दुसरा माणूस मिळेल."

त्यांनी काठी घेतली आणि उठायला लागले. मुक्ता उठली नाही.

"आजोबा, मॅडम खरं सांगतायत."

"तू गप्प बस."

"मी तुम्हाला वाचून दाखवलं ते पेपरमध्ये नाहीये."

गुरुजी अर्धवट उठलेले तसेच थांबले. "नाही म्हणजे? मग कुठे आहे?"

"कुठेच नाही. तिथे कोरं आहे. मी कागद समोर धरून तोंडानं म्हणत होते."

गुरुजी हळूच पुन्हा खाली बसले. त्यांचा चेहरा मुक्ताच्या दिशेनं वळलेला, पण ती त्यांना सापडली आहे असं वाटत नव्हतं. खिडकीतल्या उजेडात ते कुठेतरी तिच्या खांद्याकडे बघत होते.

"मला दिसत नाही म्हणून," ते म्हणाले.

"तसं नाही आजोबा..."

"तसंच आहे. डोळे अधू झाले त्याचं मी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. म्हटलं, घरात वाचून दाखवणारं माणूस आहे."

मुक्ता रडायला लागली. मी उठून तिच्याजवळ जायला हवं होतं की बसून राहायला हवं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी बसून राहिले. तो त्या दोघांचा मामला होता आणि माझं घर केवळ योगायोगानं तिथे होतं.

मग गुरुजींनी विचारलं, आणि तो प्रश्न अगदी वेगळ्या आवाजात आला. दुखावलेल्या आजोबांच्या आधी त्यांच्यातला शिकवणारा माणूस बोलला असावा.

"दोनदा वाचलंस. दोन्ही वेळेला शब्द तेच होते."

मुक्तानं डोळे पुसले. "हो."

"समोर कोरा कागद होता?"

"हो."

"म्हण पुन्हा. चित्राचं. बाईंना ऐकू दे."

मुक्तानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं नाक ओढलं, पदर नसतानाही पदर सारखा करावा तसा ओढणीला हात लावला आणि सुरुवात केली. चित्र भाजीबाजाराचं होतं. भाजीवाली, तिची टोपली, तराजू, गिऱ्हाईक, झाडाखाली बसलेलं पोर. पहिल्या वाक्यात आवाज कापत होता, तिसऱ्यापासून स्थिर झाला. मुलं जिथे हमखास चुकतात ते 'विक्रीणीते' तिनं सहज म्हटलं. वाक्यं साधी नव्हती, एकातून दुसरं निघत होतं. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती.

तिचं झाल्यावर गुरुजी म्हणाले, "बोला बाई. पाचपैकी किती?"

"पाच."

"मग?"

"पण गुरुजी, प्रश्नात वाक्यं पाचच मागितली आहेत. तिनं नऊ सांगितली."

"नऊही बरोबर आहेत."

"आहेत. पुढच्या चारांना गुण नाहीत."

"जास्त दिलं म्हणून शिक्षा?"

"शिक्षा नाही. ती चार वाक्यं मनात रचण्यात जो वेळ गेला, त्यात तिचा श्लोक लिहून झाला असता. श्लोक तिला येतो. समास येतात. अन्वयाला दोनच गुण होते, तिनं पाऊण पान लिहिलं. कुठलंच उत्तर तिला आटोपतं घेता आलं नाही."

मी हे मुद्दाम मुक्ताकडे न बघता बोलले. तिनं जे सांगू नका म्हणून विनवलं होतं तेच मी सांगत होते. पण एव्हाना लपवायला काही उरलं नव्हतं, आणि अर्धंच सांगितलं असतं तर गुरुजींनी ते ओळखलं असतं.

गुरुजींनी काठीची मूठ दोन्ही हातांत धरली. "म्हणजे मी हिला थांबायला शिकवलंच नाही," ते म्हणाले.

"असं नाही हो आजोबा," मुक्ता म्हणाली.

"असंच आहे. त्यात रडण्यासारखं काय आहे? राहिलं शिकवायचं. होतं कधी कधी." मग म्हणाले, "खोटं वाचलंस त्याचा राग मला आहे. तो जायला वेळ लागेल. पण तो वेगळा विषय."

मग माझ्याकडे वळून, "बाई, मघाशी मी तुम्हाला बोललो."

"असू द्या."

"असू कसं द्यायचं? बोललो ते चूक होतं." एवढंच. माफी मागायची त्यांना सवय नसावी, आणि मलाही ती ऐकायची सवय नव्हती. मी अभिप्रायाचा कागद ओढला आणि लिहायला घेतलं. गुणपडताळणीसाठी अर्ज करावा, पुरवणीच्या शेवटच्या पानावरील उत्तर तपासायचे राहिले आहे, पुनर्मूल्यांकनाची आवश्यकता वाटत नाही. सही केली. ते राहिलेलं उत्तर काय आहे ते ऐकायचंय, असं गुरुजी म्हणाले, तेव्हा ते मीच वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर त्यांनी फक्त "डायजेस्ट?" एवढं विचारलं. मुक्ता "हो" म्हणाली. गुरुजींनी मान हलवली. पसंतीची की निराशेची, ते कळलं नाही.

रिक्षापर्यंत मी त्यांना सोडायला गेले. येताना मुक्तानं त्यांचा हात धरला होता. जाताना तिनं धरायला हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. काठी टेकत स्वतःच रिक्षात चढले आणि चढल्यावर सरकून तिला जागा करून दिली.

पडताळणीत तीन गुण वाढले. चारपैकी तीन. एक का कापला ते मला माहीत आहे, घाईत एक मुद्दा राहिला होता. एकूण एक्याऐंशी. तिला हवं होतं ते कॉलेज दुसऱ्या यादीत मिळालं. तीन गुणांमुळे मिळालं, की तसंही मिळालं असतं, ते सांगता येणार नाही. लोकांना अशा वेळी ठाम उत्तर हवं असतं आणि माझ्या धंद्यात ते क्वचितच असायचं.

मला या कामाचा अभिमान होता, अजूनही आहे. कोणाचा पेपर खाली जाऊ नये, कोणाचं हक्काचं राहून जाऊ नये, यासाठी मी डोळे फोडून बसले. पण त्या दिवशी माझ्या दिवाणखान्यात मी एक चित्रवर्णन ऐकलं. इतकी वर्षं गठ्ठे उपसून मला कागदावर त्या तोडीचं एकही सापडलं नव्हतं, आणि त्याला गुण द्यायला माझ्याकडे रकाना नव्हता. त्याची हळहळ वाटते. ती कोणाविरुद्ध नाही. तीन तासांचा पेपर म्हटल्यावर तो तीन तासांचाच असणार.

गुण वाढल्याचं शाळेतून कळलं तेव्हा मी गुरुजींच्या घरी फोन केला. तो त्यांनीच उचलला. बातमी त्यांना आधीच कळली होती. मुक्ता कशी आहे, असं मी विचारलं.

"बरी आहे. रोज संध्याकाळी बसतो आम्ही. घड्याळ लावून," ते म्हणाले.

"आणि तुमचा राग?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "त्या दिवशी घरी आल्यावर तिला म्हटलं, तो पेपर मला पुन्हा वाचून दाखव. आहे तसा. तिला जड गेलं. पण वाचला. खोडलेलं खोडलेलं म्हणून वाचलं, चुकलेलं चुकलेलं म्हणून. आणि कोरी पानं आली तेव्हा थांबली, म्हणाली, 'आजोबा, इथे काही नाही.' मी म्हटलं, 'बरं. पान उलट.'"

मग त्यांनी मला पावसाचं विचारलं, मी त्यांना तब्येतीचं, आणि आम्ही फोन ठेवला.